पुस्तक आहे, पण कुठे आहे?

(नाशिक येथे झालेल्या पाठीराख्यांच्या मेळाव्यात एका निवृत्त ग्रंथपाल भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी जुलै महिन्यात आपण वसतिगृहातल्या मुलामुलींसाठी वस्तू गोळा करतो. वह्या, छत्र्या, ब्लँकेट, पत्र्याच्या पेट्या. गेल्या वर्षी जुन्या पुस्तकांची दोन खोकीही आली. ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्यांचे मनापासून आभार. पण आज मी वस्तू मागायला उभी नाही. मला तुमचा थोडा वेळ हवा आहे. तो कशासाठी, हे सांगायचे तर आधी माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

मी तीस वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले. सुरुवातीच्या काळात पुस्तकांची कपाटे विद्यार्थ्यांसाठी उघडी नसत. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव, लेखक आणि क्रमांक लिहून द्यायचा, मग शिपाई आत जाऊन पुस्तक आणायचा. एका वर्षी पेठ तालुक्यातला एक मुलगा रोज दुपारी येऊन काउंटरच्या कडेला उभा राहू लागला. एकदा मी विचारले, "काय पाहिजे रे?"

"अर्थशास्त्राचं पुस्तक, बाई."

"कोणतं?"

तो गप्प.

"नाव लिहून आण, मग देते," असे म्हणून मी पुढच्या मुलाची चिठ्ठी घेतली.

तो आणखी दोन-तीन दिवस आला, उभा राहिला आणि गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो महाविद्यालयातच दिसला नाही. मी तेव्हा मनाशी म्हटले, वाचायची आवड नसेल. आज ते आठवले की मान खाली जाते. ज्याला आवड नाही तो रोज येऊन कशाला उभा राहील? त्याला पुस्तकाचे नाव माहीत नव्हते. आणि नाव शोधायची जागा त्याच्या पाठीमागे चार पावलांवर होती. छोट्या छोट्या खणांचे ते लाकडी कपाट, म्हणजे आमचा कार्ड कॅटलॉग. त्याला ते ऑफिसचे काहीतरी सामान वाटले असणार. त्याकडे बोट दाखवायला मला अर्धा मिनिटही लागला नसता. मी बोट दाखवले नाही.

तो एका पुस्तकापायी घरी गेला, असे मी म्हणत नाही. घरच्या अडचणी असतात, पैशाची ओढाताण असते. पण ग्रंथालयात त्याच्या वाट्याला फक्त एक प्रश्न आला, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधायचे हे त्याला कोणी सांगितले नाही. त्या 'कोणी'मध्ये पहिली मी.

आता कपाटे बहुतेक ठिकाणी उघडी झाली. कार्डांचे खण गेले, कॉम्प्युटर आला. मुले मात्र अजूनही तशीच उभी राहतात. का, ते सांगते.

महाविद्यालये सुरू होतात त्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय दाखवण्याचा कार्यक्रम होतो. सगळ्यांना एकदम आत नेतात, कॉम्प्युटर दाखवतात, नियम सांगतात. पण तेव्हाच सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागात भाताची आणि नागलीची आवणी असते. घरातला धडधाकट मुलगा किंवा मुलगी त्या वेळी शेतातच लागते. चिखलातून पाय निघाला की मग ती एसटी पकडून नाशिकला येतात. तोवर ग्रंथालयाचा कार्यक्रम होऊन गेलेला असतो. शहरातल्या मुलांना ते कळलेले असते, म्हणजे निदान कोणाला विचारायचे एवढे तरी कळलेले असते. आपली मुले उशिरा येतात, आणि उशिरा आलेला माणूस प्रश्न विचारायला लाजतो.

त्यांच्यातल्या बहुतेकांनी शाळेत असताना ग्रंथालय म्हणून पाहिलेले असते ते एक कपाट, ज्याची किल्ली गुरुजींकडे असते. त्यात शोधायचे काय? गुरुजी देतील ते घ्यायचे. तिथून एकदम हजारो पुस्तकांच्या दालनात आल्यावर माणूस बावरणारच.

कॅटलॉग म्हणजे काय, हे तुम्हाला सांगणे मला सोपे आहे. उपासनेत पाळकसाहेब म्हणतात, अमुक पुस्तक, अमुक अध्याय, अमुक वचन. आपण पाने चाळतो आणि मिनिटभरात सगळी मंडळी एकाच ओळीवर येते. कोणाचे बायबल जुने, कोणाचे नवे, कोणाचे मोठ्या अक्षरांचे. पृष्ठ क्रमांक सगळ्यांचे वेगळे, पण पत्ता एकच. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला क्रमांक म्हणजे असाच पत्ता. आणि वचनातला एखादाच शब्द आठवत असेल तर आपण शब्दसूची काढून तो कुठे कुठे आला आहे ते पाहतो. ते काम ग्रंथालयात कॅटलॉग करतो.

मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सगळ्या विषयांची दहा भागांत मांडणी केली. आपल्याकडच्या पुष्कळ ग्रंथालयांत आजही तीच चालते. तिच्यात बायबलविषयीची पुस्तके २२० या क्रमांकाला, लोककथा आणि लोकपरंपरा ३९८ ला, शेती ६३० ला, मराठी साहित्य ८९१.४६ ला. आपल्या कितीतरी मुली नर्सिंगला जातात. त्यांची पुस्तके ६१०.७३ ला.

मी नव्या मुलांना जे शिकवते ते एका तासाचे काम आहे. ते इथे सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल की नाही ते तुम्हीच ठरवा.

आधी मुलाच्या हातात त्याचा अभ्यासक्रम द्यायचा. शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते, तिथपर्यंत बहुतेक मुले पोहोचलेलीच नसतात. त्यातले एक पुस्तक त्याने निवडायचे. मग कॉम्प्युटरवर लेखकाचे फक्त आडनाव टाकायचे. 'डॉ.', 'प्रा.' काही नाही. सगळे नाव लिहीत बसले की एक अक्षर चुकते आणि कॉम्प्युटर 'नाही' म्हणतो. तो 'नाही' मुलांना खरा वाटतो. पुस्तक नाही, असा त्याचा अर्थ ती घेतात. "तू लिहिलेलं मला सापडलं नाही," एवढाच तो निरोप असतो, हे त्यांना सांगावे लागते.

पुस्तक सापडले की पडद्यावर त्याची सगळी माहिती दिसते. नाव, लेखक, आवृत्तीचे वर्ष, किती प्रती आहेत, प्रत आत आहे की कोणी नेली आहे. नेली असेल तर परत कधी येणार तेही दिसते, आणि ते आपल्यासाठी राखून ठेवायला सांगता येते. मग क्रमांक वहीत उतरवायचा, खालच्या अक्षरांसकट सगळा, आणि कपाटाकडे जायचे.

इथे एक अडचण हमखास येते. नर्सिंगच्या एका मुलीला ६१०.७३ सापडेना. ती ६१०.९ च्या पुढे शोधत होती, कारण तिच्या हिशेबाने त्र्याहत्तर नऊपेक्षा मोठे. तिची काही चूक नव्हती, बिंदूनंतरचे आकडे कसे वाचायचे ते विसरले होते इतकेच. मी तिला म्हटले, "हे रुपये-पैसे समज. सहाशे दहा रुपये त्र्याहत्तर पैसे, आणि सहाशे दहा रुपये नव्वद पैसे. आधी कोण?" ती हसली आणि उलटी चालत जाऊन पुस्तक काढून आली. त्यानंतर मी सगळ्यांना पैशातच सांगते.

पुस्तक हाती आले की लगेच फिरायचे नाही. त्याच्या डावीकडची दोन आणि उजवीकडची दोन पुस्तके पाहायची. एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी असतात, आणि कधी कधी यादीत नसलेले शेजारचे पुस्तकच जास्त सोपे निघते.

एवढे झाले की तासातला पाऊण तास संपतो. उरलेल्या पाव तासात मी मुलाला त्याच्या मनातले काहीही शोधायला सांगते. सुरगाण्याची एक मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. ती म्हणाली, "बाई, आमच्या लोकांचं काही आहे का बघू?" ती कोकणा जमातीची. तिने मराठीत 'कोकणा' लिहिले. काही नाही. इंग्रजी अक्षरांत 'कोकणी' लिहिले, तर कोकणी भाषेची आणि कोकणातल्या स्वयंपाकाची पुस्तके आली. ती हात मागे घेऊन बसली. "आमच्यावर कोण लिहिणार?" असे म्हणाली. रागाने नाही, सहज म्हणाली. तेच मला जास्त लागले.

मी तिला तिचा जमातीचा दाखला आठवायला सांगितला. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींच्या यादीत तिची जमात तीन नावांनी एकत्र नोंदली आहे: कोकणा, कोकणी, कुकणा. मग आम्ही इंग्रजीत 'के' नंतर 'ओ' लिहून पाहिले, 'यू' लिहून पाहिले, मधला 'ए' काढून पाहिला, घालून पाहिला. आणि पुस्तके येऊ लागली. थोडी होती, पण होती.

हे सगळ्याच जमातींचे आहे. वारली शब्द सरकारी यादीत 'व्ही' ने लिहिला आहे, तर पुष्कळ पुस्तकांवर 'डब्ल्यू' ने. १९४५ साली आलेले के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे इंग्रजी पुस्तक 'व्ही' ने शोधणाऱ्याला सापडणार नाही. महादेव कोळी लिहिताना कोणी 'महादेव' लिहितो, कोणी 'महादेओ'. कातकरी आणि काथोडी ही एकाच समाजाची दोन नावे. फार काय, आपल्या गावाचे नावच पाहा. इंग्रजांच्या काळातल्या कागदांत ते 'नासिक' आहे. १८८३ साली निघालेला जिल्ह्याचा गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, 'नाशिक' लिहून शोधला तर हाती येईलच असे नाही.

पुस्तकांची नावेसुद्धा बदलतात. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासींवर एक इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याच्या नावात 'अ‍ॅबोरिजिन्स' हा शब्द होता. १९५९ साली तेच पुस्तक वाढवून 'शेड्यूल्ड ट्राइब्ज' या नावाने निघाले. आजचा मुलगा 'आदिवासी' एवढेच लिहून थांबला तर त्याला दोन्ही दिसणार नाहीत.

आणि जुनी मराठी पुस्तके कॉम्प्युटरवर चढवताना कित्येक ठिकाणी ती इंग्रजी अक्षरांत नोंदवली गेली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' घ्या, वारल्यांच्या लढ्याचे, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. 'जेव्हा' हा शब्द इंग्रजी अक्षरांत चार माणसे चार तऱ्हांनी लिहितील. म्हणून मी सांगते, ज्या शब्दात चुकायला कमी जागा तो शब्द टाका. 'परुळेकर' टाका. मराठीत नाही आले तर इंग्रजीत टाका.

त्या मुलीला आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. तिच्या लोकांविषयीची पुस्तके एका कपाटात नव्हती. गाण्यांचे एक ३९८ ला होते, समाजशास्त्राचे तिसऱ्या भिंतीला, एक मराठी साहित्यात. पुस्तकाला कपाटात एकच जागा असते. पण कॅटलॉगमध्ये त्याच्याकडे नावाने जाता येते, लेखकाने जाता येते, विषयाने जाता येते. दालनभर विखुरलेली पुस्तके कॅटलॉगने तिच्यासमोर एका पानावर आणून ठेवली. तिने ते पान वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले.

पुढे तिने गॅझेटिअरही वाचला. त्यातली भाषा त्या काळच्या साहेबी नजरेची आहे. वाचून ती काही दिवस गप्प होती. मग म्हणाली, "बाई, यात आमच्या घरातलं कोणी बोलतच नाही." मी म्हटले, "नाही बोलत." तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने आपल्या आजीकडून आवणीची गाणी लिहून घेतली. तो प्रकल्प आता तिच्या विभागात ठेवलेला आहे.

शिकलेल्या मुलाला दारे पुष्कळ आहेत. शहरात सार्वजनिक वाचनालय आहे, आपले सावाना, १८४० साली स्थापन झालेले. पदव्युत्तर शिकणाऱ्यांसाठी 'शोधगंगा' आहे. देशभरातल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. मराठी विश्वकोश मोबाइलवरही उघडतो. पण या सगळ्यांत शोधायची रीत तीच: आडनाव, विषय, शब्दाची वेगवेगळी रूपे, आणि पहिल्या 'नाही'ला न घाबरणे. ती रीत एका ग्रंथालयात अंगवळणी पडली की पुढे सगळीकडे उपयोगी पडते.

काही जण मला विचारतात, बाई, आता मोबाइल आहे, कॅटलॉग कशाला? मोबाइल चांगलाच आहे. पण परीक्षेच्या यादीतले जे पुस्तक चारशे-पाचशे रुपयांना मिळते आणि बापाची मजुरी खाते, ते तुझ्याच महाविद्यालयात दुसऱ्या मजल्यावर रिकामे बसले आहे, हे सांगणारा तो कॅटलॉगच. आपले ग्रंथालयशास्त्राचे आद्य गुरू डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिला. वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा. मी नोकरीला लागताना हे पाचही नियम तोंडपाठ म्हणून दाखवले होते, आणि तरी पेठच्या त्या मुलाला मी उभे ठेवले.

अनेक ग्रंथालयांत कॅटलॉगसाठी 'कोहा' नावाचे सॉफ्टवेअर वापरतात. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९९९ साली ते बनवायला घेतले आणि पुढे जगभर मोफत खुले केले. 'कोहा' हा तिथल्या मूळ रहिवाशांचा, माओरी लोकांचा शब्द. पाहुणा यजमानाकडे जाताना जी भेट नेतो, ती कोहा. मुलांना हे सांगितले की त्यांना फार आवडते. त्यांच्याकडेही पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही.

आता माझी मागणी. आवणी आटोपून मुले आली की ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारपासून सहा शनिवार, दुपारी दोन ते चार, मला माणसे हवी आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसे, कॉलेजात शिकणारी आपली मुले, कोणीही. ग्रंथपाल असण्याची गरज नाही. मोबाइलवर रेल्वेचे तिकीट काढता येणाऱ्याला कॅटलॉग अर्ध्या तासात येतो. तो मी शिकवीन. एका माणसाने एका वेळी दोनच मुलांजवळ बसायचे. बऱ्याच ग्रंथालयांचा कॅटलॉग बाहेरूनही उघडतो, त्यामुळे शोधायचा सराव वसतिगृहाच्या कॉम्प्युटरवर होईल. सोमवारी मुले वहीतला क्रमांक घेऊन आपापल्या ग्रंथालयात जातील.

दोन अटी आहेत. पहिली, माउसला हात लावायचा नाही. मुलाला वेळ लागतो, आपला जीव वरखाली होतो, आणि आपण पटकन शोधून देतो. मीही हे कितीदा केले आहे. त्याने पुस्तक मिळते, पण पुढच्या वेळी मूल पुन्हा आपल्याच तोंडाकडे पाहते. त्याने चुकीचे लिहू द्या, 'नाही' येऊ द्या, मग शेजारी बसून म्हणा, आता दुसऱ्या तऱ्हेने लिहून बघ.

दुसरी अट, "एवढंही येत नाही?" हे वाक्य आणायचे नाही. आवणी त्यांना येते, आपल्याला येत नाही. ज्याला जे दाखवले गेले ते त्याला येते.

आणि जुन्या पुस्तकांची खोकी पाठवणाऱ्यांना एक विनंती. अभ्यासक्रम बदललेली गाइडे कृपया पाठवू नका. त्याऐवजी मुलांकडून यादी घ्या. जे पुस्तक महाविद्यालयात एकच प्रत आहे आणि नेहमी बाहेरच असते, ते एक घेऊन द्या. कॅटलॉग पाहिला की कोणते ते कळतेच.

प्रेषितांच्या कृत्यांत, आठव्या अध्यायात, रथात बसून वाचणारा तो कूशी अधिकारी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रंथ त्याच्या हातात होता, वाचताही येत होते, पण कोणी वाट दाखवल्याशिवाय समजणार कसे, असे तोच म्हणाला. फिलिप्पाने त्याला नवा ग्रंथ दिला नाही. तो रथात चढून त्याच्या शेजारी बसला.

वसतिगृहाच्या कार्यालयात वही ठेवली आहे. ज्यांना जमेल त्यांनी जाता जाता नाव आणि सोयीचा शनिवार लिहून जावा. गेल्या वर्षी आम्ही चौघी होतो आणि मुले अडतीस. सुरगाण्याची ती मुलगी आता एम.ए. करते आहे. तिने पहिल्या शनिवारी यायचे कबूल केले आहे, पण तिच्या घरची आवणी लांबली तर ती येऊ शकणार नाही, हेही तिने सांगून ठेवले आहे. म्हणून निदान त्या दिवशी तरी आणखी दोघांनी यावे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. सलाम.